आबांची बंदूक: काळी की स्टीलची

घरात रिव्हॉल्व्हर आहे म्हटल्यावर लोक आधी एकच विचारतात, "कधी चालवली का हो?" माझं उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडतो. आमच्या रिव्हॉल्व्हरने आजवर दोनच कामं केली. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायचं आणि निकालानंतर परत यायचं, हे एक. दसऱ्याला पाटावर बसून हळदीकुंकू लावून घ्यायचं, हे दुसरं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच माणसांपेक्षा तिचं आयुष्य निवांत गेलं.

गावात तिला रिव्हॉल्व्हर कोणी म्हणत नाही. "आबानी बंदूक." आमच्याकडच्या बोलीत 'नी' म्हणजे 'ची', आणि आबा म्हणजे माझे सासरे. तापीकाठी आमची केळी आणि ऊस, आणि घर गावात नसून मळ्यात. पूर्वी इकडे चोऱ्या व्हायच्या, म्हणून आबांनी परवाना काढला आणि सरकारी कारखान्यातली बत्तीस बोअरची काळी रिव्हॉल्व्हर घेतली. चोरांनी ती कधी पाहिली नाही. पाहिली ती पाहुण्यांनी. म्हसावदला लग्न असो की शहाद्याला साखरपुडा, आबा कमरेला चामडी खोळ बांधून निघायचे. खोळीतून नुसती मूठ दिसायची. तेवढ्या मुठीवर त्यांना मांडवात पुढची खुर्ची मिळायची आणि जेवणाच्या पंगतीत जिलेबी दोनदा यायची.

तिची वाट लागली ती खंडेनवमीला.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड अंगणात येतं. विळे, कुऱ्हाडी, पावडी, पाने, फवाऱ्याचा पंप. ते धुऊन पुसून दुसऱ्या दिवशीच्या पूजेला मांडायचं. त्याच दिवशी सासूबाई तांब्या-पितळेचीही भांडी काढून बसतात. त्यांना आम्ही सगळे माय म्हणतो. भिजवलेली चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी घेऊन माय एकदा बसल्या की समोर येईल ते उजळतं. आबांनी कपाटातून रिव्हॉल्व्हर काढली, गोळ्या वेगळ्या डब्यात कुलपात ठेवल्या, ती रिकामी पाटावर ठेवली आणि अंघोळीला गेले.

ते बाहेर आले तेव्हा मी केळीतून घरी येत होते. अंगणात आबा टॉवेल गुंडाळून उभे, आणि पाटावर एक पांढुरकी, राखेच्या रंगाची, कधी न पाहिलेली वस्तू.

"हाई काय करं तू?" आबांचा आवाज बारीक झाला होता.

"घासी टाकी," माय म्हणाल्या. "कितली काळी व्हयेल व्हती! एक साल कोनी घासनी नही. देवना पुढे अशी काजळी ठेवतस का?"

"अवं, काजळी नही ती! रंग शे तिन्हा!"

"रंग ऱ्हाता तं चिंचवर निंघता का?"

या प्रश्नाचं उत्तर पुढे धुळ्याच्या दुकानदाराने दिलं, पण तोवर उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला आलेल्या लोकांनी पाटावर पांढरी रिव्हॉल्व्हर पाहिली. माजी सरपंच, ज्यांच्याकडे आबांसारखीच काळी आहे, ते जरा वाकून बघून गेले. आबांनी तोवर तिच्यावर झेंडूची इतकी फुलं ठेवली होती की फार काही दिसण्यासारखं नव्हतं. मग हळदीकुंकवासकट ती लाल फडक्यात गुंडाळून कपाटात गेली. दिवाळीनंतर फडकं सोडलं, तर लाल काय ते कुंकू आणि लाल काय तो गंज, हे ओळखू येईना. गोळ्या भरायचं चाक फिरेना. जोर लावला तर कुरकुरलं आणि अडकलं.

त्याच सुमारास आबांचे हात थरथरायला लागले होते. चहाची बशी वाजायची. परवाना घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर करता येतो, असं कळलं. दुसरं कोण, तर माझा नवरा. तो शहाद्याच्या शाळेत शिकवतो, आणि त्याच्या तळहातांना बारा महिने घाम येतो. त्याच्या गाडीची किल्ली गंजते. घड्याळाचा पट्टा गंजतो. त्याने स्वतःच हात वर केले. "मी धरली तर आठवड्यात खिळा होईल तिचा," तो म्हणाला, आणि यात विनयाचा भाग नव्हता.

राहिले मी. मला ती हवी होती असं नाही. पण मळ्यात दिवसभर असते मी. मजुरांना बोलावणं, पाण्याची पाळी, घडांची गाडी भरणं, सगळं माझ्याकडे. घरातली जी वस्तू सांभाळायला लागते, ती शेवटी माझ्याचकडे येते. डिझेल पंप आला, म्हैस आली, तसा परवानाही आला. चौकशीला आलेल्या पोलिसाने विचारलं, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "साहेब, म्हशीची जास्त वाटते. ती भरलेलीच असते."

सह्या झाल्या त्या दिवशी घरी येताना आबा गाडीत म्हणाले, "बेटा, परवाना तुन्हा. पन बंदूक आबानीच ना?"

"आबानीच," मी म्हटलं.

"लोके म्हनतीन, डोकराना हातथून सून ली गयी."

"म्हणू देत."

"तुले म्हनाले काय जास? खुर्ची मन्ही शे."

एवढंच होतं त्यांचं म्हणणं. सगळं गाव ज्या मुठीला ओळखतं, ती मूठ त्यांची राहायला हवी होती. परवान्यावर नाव कोणाचं, हे त्यांना चालणार होतं. गावात ते उघड दिसलेलं मात्र चालणार नव्हतं.

जुनी दुरुस्त होण्यापलीकडे गेली, हे धुळ्याच्या शस्त्रांच्या दुकानात दाखवल्यावर पक्कं झालं. ती रीतसर तिथेच जमा केली. आता माझ्या परवान्यावर नवीन घ्यायची. मॉडेल तेच, कारखाना तोच. फक्त एक निवड होती. आता ती दोन तऱ्हांची मिळते, काळी आणि स्टेनलेस स्टीलची.

मी घरी फोन करून सांगितलं, स्टीलची घेऊ. माझ्या मते विषय संपला होता. पण फोनवर पलीकडे आबा होते.

"स्टीलनी? मंग झाकण बी ली ले. वरण ठेवाले कामे पडी."

म्हणून त्या दिवशी काहीच न घेता परत आले, आणि आमच्या घरात महिनाभर एकच विषय चालला. आबांचं मत सरळ होतं: काळी म्हणजे बंदूक, पांढरी म्हणजे खेळणं. स्टील चमकतं. चमकणारी वस्तू लांबून दिसते.

"चोरले लांबथून दिसी," आबा म्हणाले.

"दिसू द्या की. लांबूनच पाहून पळाला तर गोळी वाचली."

नवऱ्याने शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकापर्यंत मजल मारली, आणि लोह, कर्ब, क्रोमियम असं काहीतरी सांगायला लागला. कोणी ऐकलं नाही. ज्याच्या किल्लीला गंज लागतो, त्याने धातूंवर बोलू नये असं आमच्याकडे ठरलेलं आहे.

मायचा मात्र स्टीलला पाठिंबा होता. त्यांच्या मते जगात स्टीलसारखं दुसरं काही नाही. त्यांची एकच काळजी होती.

"नाव टाकी लेजो तिन्हावर," त्या मला म्हणाल्या.

"कोणाचं नाव?"

"आबानं. निवडणूकले ठाणामा जाई ना ती? तठे बठ्ठासन्या एकसारख्याच. पंगतमा वाट्या बदलतस तशी बदली जाई."

लग्नात आलेल्या प्रत्येक वाटीवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेणाऱ्या बाईला मी कसं समजावणार, की बंदुकीला तिचा नंबर असतो? शिवाय मला वाटतं आबांना ती कल्पना मनातून आवडली होती. त्यांच्या नाकपुड्या जरा फुलल्या. आबांना आवडलं की तेवढंच होतं.

शेवटी आम्ही तिघं धुळ्याला गेलो. माय का आल्या, तर साडी घ्यायला जाताना घरातली मोठी बाई बरोबर लागतेच, आणि खरेदी म्हणजे खरेदी. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवलेला. त्याने काचेवर हिरवं मखमली कापड अंथरलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. खरंच, साडीच्या दुकानात शालू आणि पैठणी ठेवतात तशा. माय पुढे झाल्या आणि पदराच्या टोकाने काळीचा पोत बघायला लागल्या. दुकानदाराने ती अलगद मागे ओढली.

"हिला ब्ल्यू फिनिश म्हणतात," तो म्हणाला.

"निळी कुठेय?" मी म्हटलं. "काळीच आहे की."

"उजेडात धरा."

धरली. कावळ्याच्या मानेवर उन्हात असते तशी निळसर झाक होती. सुंदर होती, नाही म्हणत नाही. आबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि ट्यूबलाइटखाली इकडून तिकडे फिरवली. हात थरथरत होते, त्यामुळे निळी झाक पाण्यासारखी हलत होती.

"हा रंग नाही," दुकानदार सांगायला लागला. "लोखंडाचाच पातळ थर आहे. गंजाचा जातभाई समजा. वरचा गंज लागू नये म्हणून आधीच जाणूनबुजून चढवलेला."

"म्हणजे देवीची लस," मी म्हटलं.

"तसंच काहीसं. पण आंबट लागलं की उतरतो. लिंबू, व्हिनेगर..."

"चिंच," आबा म्हणाले आणि मायकडे पाहिलं. माय दुकानातल्या पंख्याकडे बघत होत्या.

दुकानदाराला दोन्हीचं सारखंच वाटत होतं. काळीला प्रत्येक वेळी हात लागला की तेलाचा बोळा फिरवायचा, ओलं फडकं गुंडाळायचं नाही, चामडी खोळीत महिनोन्‌महिने ठेवायची नाही, कारण चामडं ओल धरतं. खोळीत घालता-काढता तोंडाशी झीज होते, ती मात्र काही लोकांना आवडते, वापरातली वाटते. स्टीलला हे सगळं कमी. "अजिबात नाही असं नाही," त्याने बोट वर केलं. "तेल तिलाही लागतं अधूनमधून. पण ती समजूतदार आहे. ओरखडा उठला तरी पॉलिश करून जातो. काळीवर उठला की उठला."

मी मनात जमवाजमव केली. आमच्याकडे पावसाळ्यात माचिस पेटत नाही. केळीचा चीक माझ्या हाताला बारा महिने असतो. नवऱ्याचा घाम घरातच आहे. निवडणुकीला ती ठाण्यात जाणार, आणि तिथे एवढ्या बंदुकांना तेल लावत कोण बसणार? आबांचा हात बोळा धरू शकत नव्हता. आणि दरवर्षी खंडेनवमी येणार, माय येणार, चिंच येणार. आमच्या घरात काळी टिकणं अवघड होतं. एवढा विचार करायचीही खरं तर गरज नव्हती.

आबांनी काळी खाली ठेवली नव्हती. मायना ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले, "बेटा, काळी ले. लोकसले समजाले नको."

"काय?"

"बदलनी ते. काळी ऱ्हायनी तं जुनीच वाटी. कोनी इचारावं नही."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून गंजणारी वस्तू घ्यायची, असं मी आजवर केलेलं नाही. "आबा, ही सांभाळायची मला आहे," मी म्हटलं आणि दुकानदाराला स्टीलची बांधायला सांगितली.

परतताना दोंडाईच्याला नेहमीची भजी झाली. आबांनी नुसतं पाणी घेतलं. माय म्हणाल्या, "नही खात तं नका खाऊ, आम्ही खातस," आणि त्यांच्या वाटची संपवली. भांडण असलं की मायना भूक लागते. घरी आल्यावर मी नवी रिव्हॉल्व्हर आबांपुढे धरली. त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्यानंतर तिचं नावही काढलं नाही. एका लग्नाला निघताना त्यांनी खुंटीवरची रिकामी खोळ नुसती चाचपली आणि तशीच सोडली. खोळ तशीही बांधता येणार नव्हती, बंदूक आता माझ्याच कमरेला शोभणार, कायद्याने तरी. लग्नाहून आल्यावर माय म्हणाल्या, "आज दुसऱ्या रांगमा बसाडं," आणि त्यावर आबा उठून मोटार बघायला गेले. वीज नव्हती तरी.

असा दसरा आला. खंडेनवमीला मी स्टीलची पाटावर ठेवली आणि मुद्दामच बाजूला झाले. मायनी चिंच लावून ती खसाखसा घासली, धुतली, उन्हात धरली आणि अतिशय समाधानाने म्हणाल्या, "हाई देख. एक डाग निंघना नही." त्यांना पहिल्यांदाच जोडीची वस्तू मिळाली होती. मी लगेच पुसून कोरडी केली आणि तेल लावलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन माणसं आली. आबा बाजेवर बसलेले. पाटावर विळ्यांच्या आणि कुऱ्हाडीच्या मधोमध ती, दिव्याच्या उजेडात नवी कोरी चमकत. यंदा आबांनी झेंडूची फुलंही घातली नव्हती. घालण्यात अर्थ नव्हता, ती फुलांतूनही दिसली असती. माजी सरपंच आले, आबांच्या हातात सोनं दिलं, पाया पडले आणि पाटाकडे वळून थांबले.

"आबा, बंदूक बदली का? नवी दिखस."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. नवऱ्याने तळहात विजारीला पुसले. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाटाकडे.

"बदली कशाले?" आबा म्हणाले. "तीच शे. मांगला दसराले हाईनी चिंच लाईसन घासेल नही का? तूच तं वाकीसन देखी व्हती. तवयपासीन अशी उजळी गयी."

सरपंचांना आठवलं. त्यांनी खरंच वाकून पाहिली होती. आकार तोच, मूठ तशीच, आणि गेल्या वर्षी पांढरी पडलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली. आता सगळं मायवर होतं. आबांना चारचौघांत खोटं पाडण्याची संधी मायनी सहसा सोडलेली नाही.

"मंग?" माय पदर खोचत म्हणाल्या. "काळी कोन ठेवी दसराले? तुमना घरमा बायासले घासाले जमत नही, त्याले मी काय करू?"

सरपंचांनी चहा घेतला, पण लक्ष पाटावर होतं. जाताना ते आबांना म्हणाले, "आबा, तुमनी बंदूक ती तुमनी बंदूक." आबांच्या नाकपुड्या फुलल्या.

विषय इथे संपायला हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत असताना सरपंचांच्या सुनेचा फोन आला.

"काकू, एक विचारायचं होतं. चिंच जुनी घ्यायची की नवी? आमचे बाबा त्यांची घेऊन बसलेत अंगणात. मी भिजत घातलीय."

बाजेवर आबांचं वर्तमानपत्र हलायचं थांबलं. इतक्या दिवसांत त्यांचे हात मी एवढे स्थिर पाहिले नव्हते. खरं सांगितलं तर पुढची खुर्ची गेली. नाही सांगितलं तर त्या माणसाची चांगली काळी बंदूक दिवाळीपर्यंत खिळा होणार.

"जुनी-नवी नाही गं," मी म्हटलं. "आमच्या विहिरीवरच्या झाडाचीच चिंच लागते. दुसरीने आहे तो रंग जातो आणि गंज धरतो. आणि ते झाड उन्हाळ्यातल्या वादळात पडलं."

"अगं बाई! मग आता?"

"आता काही नाही. ती चिंच म्हशीला दे. बंदुकीला कोरडं फडकं आणि तेल लाव. पाण्याचा थेंब नको."

"बाबांना काय सांगू?"

"सांग, त्यांना काळीच शोभते."

फोन ठेवला. वर्तमानपत्रामागून आबा म्हणाले, "झाड कवय पडनं?"

"आत्ताच."

ते हसले. धुळ्याहून आल्यापासून पहिल्यांदा. माय आतून ओरडल्या, "कोनतं झाड पडनं?"

"तेल कोठे शे?" आबा म्हणाले. "आन. मी बी पुसस."

तिला काल संध्याकाळीच पुसली होती, गरज नव्हती. पण तेल स्टीललाही लागतं, असं दुकानदार म्हणालाच होता. मी कपाट उघडलं, चाक फिरवून रिकामी आहे ना ते पाहिलं आणि फडक्यासकट त्यांच्या हातात दिली. शेजारी बसून मी डब्याच्या पोळ्या मोजायच्या विसरले. फडकं एकदा मुठीवर जायचं, एकदा हवेत, आणि त्यांची अंगठी नळीवर खटखट वाजत होती. वाजू दिली. स्टीलवर ओरखडा उठला तरी पॉलिशने जातो.